ड्रायफोर्डचं धुराडं

१

ड्रायफोर्डचं धुराडं पाडायला घेतलं, तेव्हा त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी त्या जागी घोडागाडीचा टप्पा होता. तबेला, स्वयंपाकघर, लोहारकाम आणि दहा-अकरा घरं. सत्त्याहत्तर सालच्या ऑगस्टमधे डोंगरात कुठंतरी पाऊस झाला, आणि इथं कोरड्या पडलेल्या नदीनं एका दुपारात सगळी वस्ती पुसून नेली. उरलं ते वाळवंटात एकटंच उभं असलेलं दोन पुरुष उंचीचं गोल दगडी धुराडं. पुढं रेल्वे आली, घोडागाड्या बंद झाल्या, आणि गाडीतले प्रवासी खिडकीतून ते धुराडं एकमेकांना दाखवायला लागले.

रेल्वेला पुलाच्या मोरीसाठी दगड हवे होते. घडवलेले दगड आयते मिळत असताना खाणीत कोण जातो? मजुरांनी वरून एकेक थर उतरवायला सुरुवात केली. आत घट्ट वाळू भरलेली होती. पुरुषभर उंचीचे थर उतरले आणि एका मजुराच्या फावड्याला कवटी लागली.

त्यांनी काम थांबवलं आणि जोथम क्रूला बोलावणं धाडलं.

क्रू बेनेट जंक्शनमधे खोगिरं शिवायचा. गावात दुसरा कुणी फारसा लिहिता-वाचता नव्हता म्हणून सरकारनं त्याला छोटा जज्जही करून टाकलं होतं. बेवारशी मढं सापडलं की चौकशी त्याच्याकडे. वय अठ्ठावन्न, डावा गुडघा आखडलेला, आणि एक वाईट खोड अशी की कोडं समोर आलं की त्याला जेवण सुचायचं नाही.

त्यानं मजुरांना हातानं, हळूहळू वाळू काढायला लावली. दुपारपर्यंत सगळा माणूस उघडा झाला, आणि मजूर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

सांगाडा उभा होता. छातीभोवती चामड्याचा रुंद पट्टा आवळलेला, आणि त्या पट्ट्याचं कापलेलं टोक खांद्यावर वेटोळं होऊन पडलेलं. पाठीवर कुदळ बांधलेली. ती आडवी फिरली होती. तिचं टोक एका बाजूच्या दगडांच्या फटीत रुतलेलं आणि दांडा समोरच्या भिंतीला टेकलेला. त्या कुदळीवरच सांगाडा लटकून राहिला होता. कमरेला काचेचा छोटा कंदील होता. बरगड्यांखाली पितळेची तंबाखूची डबी सापडली, आणि तिच्यावर खिळ्यानं ओरखडून नाव लिहिलं होतं.

क्रूनं डबी पुसली. "व्हर्जिल डेन," त्यानं वाचलं.

मजुरांतला सगळ्यात म्हातारा टोपी काढून उभा राहिला.

"हे कसं शक्य आहे जज्जसाहेब? व्हर्जिल डेन तबेल्याच्या छपरावर बसून पुरात वाहून गेला. व्हिटलॉकनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

२

क्रू गावात परतेपर्यंत गावानं निकाल लावून टाकला होता. व्हर्जिलला लूथर गॅननं मारलं आणि धुराड्यात कोंबलं. गॅन हा ड्रायफोर्डचा लोहार, आता बेनेट जंक्शनचा. पुराच्या आदल्याच दिवशी त्याची आणि व्हर्जिलची चांगली गुद्दागुद्दी झाली होती, हे चार जणांना आठवत होतं. कुणीतरी जिल्ह्याच्या शेरीफला तारही केली होती. शेरीफ उद्या संध्याकाळच्या गाडीनं येणार होता.

क्रूला मात्र एक गोष्ट खटकत होती. घरी जाताना त्यानं धुराड्याचे तीन-चार दगड खेचरगाडीत घालून आणले होते. ते त्यानं दुकानाच्या दारात उन्हात मांडले आणि उकिडवा बसून न्याहाळले. मग एका दगडाच्या आतल्या बाजूला बोट घासलं. बोट स्वच्छ.

काजळी नव्हती. एवढीशीही नाही.

दुसरा दगड अगदी वरच्या थरातला. त्याच्या काठावर बोटभर खोल खाच होती, आणि ती घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. तशीच खाच तिसऱ्या दगडावर.

सकाळी तो दगड काखेत मारून क्रू लोहाराच्या दुकानात गेला. गॅन भात्यापाशी बसला होता. काम करत नव्हता.

"पकडायला आलास?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"विचारायला आलोय. ड्रायफोर्डचं हे धुराडं कुठल्या घराचं?"

"कुठलं धुराडं? ड्रायफोर्डला दगडी धुराडं नव्हतंच. स्वयंपाकघराला पत्र्याचा नळ होता, माझ्या भट्टीलाही पत्र्याचाच. वाळवंटात चुना वाया घालवायला आम्ही काय राजे होतो?"

"मग बारा वर्षं तिथं उभं आहे ते काय?"

"मी बघायला जात नाही. गाडीत बसलो तर त्या बाजूला पाठ करून बसतो. तिथं माझं घर होतं."

क्रूनं दगड त्याच्यापुढं ठेवला. गॅननं आधी नुसतं पाहिलं, मग खाचेवरून अंगठा फिरवला.

"ही आमच्या विहिरीच्या तोंडाची चिरेबंदी," तो म्हणाला. "ही खाच दोराची. मीच हजार वेळा पाणी शेंदलंय इथून."

"पण विहीर जमिनीत असते."

"असते."

"आणि हे जमिनीच्या वर दोन पुरुष उभं आहे." क्रूचे डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे विहीर वर आली नाही गॅन. जमीन खाली गेली. पुरानं भोवतालची सगळी माती खरवडून नेली, आणि चुन्यात बांधलेली विहीर तेवढी नळकांड्यासारखी उभी राहिली. आत गाळ भरला. आणि नंतर आलेल्या लोकांनी तिला धुराडं म्हटलं."

गॅननं दगडावरचा हात काढून घेतला.

"मग व्हर्जिल पुराच्या आधीपासूनच विहिरीत होता," तो सावकाश म्हणाला. "आणि जर तो विहिरीत होता, तर व्हिटलॉकनं छपरावर कुणाला पाहिलं?"

३

एनॉक व्हिटलॉक ड्रायफोर्डच्या टप्प्याचा प्रमुख होता. आता स्टेशनसमोर त्याचं हॉटेल होतं. क्रू गेला तेव्हा जेवणघरात कुणी नव्हतं. व्हिटलॉक स्वतः टेबलं पुसत होता.

"त्या दिवशी काय पाहिलंत ते परत एकदा सांगा," क्रू म्हणाला.

व्हिटलॉकनं फडकं खांद्यावर टाकलं. ती गोष्ट त्यानं शंभर वेळा सांगितली असेल. पाण्याची भिंत आली. तबेला उचलला गेला. छपरावर व्हर्जिल. त्यानं टोपी काढली, टेकडीच्या दिशेनं हलवली आणि दिसेनासा झाला.

"कुठल्या हातानं हलवली?"

"उजव्या."

"तुम्ही कुठं होतात?"

"टेकडीवर. प्रवाशांपाशी. गाडीचं चाक मोडलं होतं, मैलभर वर, तिथं गेलो होतो."

"मैलभर लांबून उजवा हात दिसला?"

व्हिटलॉकनं फडकं खांद्यावरून काढून टेबलावर ठेवलं.

"व्हर्जिल विहिरीत सापडलाय, व्हिटलॉक. छातीला पट्टा बांधलेला, पाठीवर कुदळ. तो खाली उतरला होता आणि कुणीतरी त्याला वर ओढत होतं. तळाशी असता तर आमच्या हाती लागला नसता. तो अर्ध्याच्या वर येऊन अडकला. मग कुणीतरी वरून पट्टा कापला."

व्हिटलॉक खुर्चीत बसला. हॉटेलवाल्याचा चेहरा गेला आणि एका म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचा आला.

"त्याला खाली मी पाठवलं," तो म्हणाला. "विहीर दोन महिने कोरडी होती. मी म्हटलं, आणखी खोल खण. आधी दोरीला मेणबत्ती बांधून सोडतात, खालची हवा बघतात. तेवढं थांबायला मला वेळ नव्हता. गाडी अडकली होती, प्रवासी कटकट करत होते. मी त्याला म्हटलं, उतर, आणि मी टेकडीवर निघून गेलो."

"पट्टा कुणी कापला?"

"गॅननं नाही. गॅन माझ्याबरोबर वर चाक बसवत होता. शेरीफला मी शपथेवर सांगेन."

"मी ते विचारलं नाही."

"याच्यापुढं विचारू नका, जज्ज," व्हिटलॉक हळू आवाजात म्हणाला. "विचारलंत तर ज्याला शिक्षा होईल त्याच्यापेक्षा जिला कळेल तिचं जास्त वाटोळं होईल."

४

क्रू बाहेर येऊन रस्त्यातच उभा राहिला. जिला कळेल ती कोण, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. व्हर्जिलला एकच लेक होती, थर्झा. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. पुराच्या वेळी ती चार वर्षांची होती, आता सोळाची. तिला ड्रायफोर्डच्या स्वयंपाकीणबाईनं, रेमेदियोसनं वाढवलं होतं.

इथं थांबावं असं त्याला क्षणभर वाटलं. गॅन निर्दोष आहे एवढं तर कळलं होतं. पण व्हिटलॉकची शपथ कोण मानणार? बारा वर्षं खोटं बोललेला माणूस. पट्टा कुणी कापला हे कळल्याशिवाय शेरीफ गॅनला सोडणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर क्रूलाही राहवत नव्हतं.

तो परत लोहाराकडे गेला. खिशातून त्यानं तो कापलेला पट्टा काढला.

"वर ओढायला तुम्ही काय वापरत होतात? माणसाचं ओझं हातानं ओढत नसाल."

"खेचर. पट्टा त्याच्या गळपट्ट्याला बांधायचा आणि हाकायचं."

"त्या खेचराचं काय झालं?"

"ते वाचलं. त्याच्यावरच तर रेमेदियोस पोरीला घेऊन टेकडीवर आली. पाणी तिच्या मागं शंभर पावलांवर होतं." बोलता बोलता गॅन थांबला. त्याचं लक्ष क्रूच्या हातातल्या चामड्याकडे गेलं. "त्याच्या गळ्यात पट्टा लोंबत होता. चांगलं चामडं होतं. मी ते काढून ठेवलं."

"कुठं आहे?"

गॅननं भात्याकडे पाहिलं. नवा भाता केला तेव्हा त्यानं त्याला चामड्याचं बिजागर लावलं होतं. तो पकड घेऊन उठला, चार खिळे उपसले आणि काळं पडलेलं चामडं क्रूच्या हातात दिलं.

क्रूनं दोन्ही टोकं जुळवली. चाळीस वर्षं चामडं कापणाऱ्या माणसाला भिंग लागत नाही. सुरी एका ओढीत गेली नव्हती. तीन ठिकाणी थांबली होती, तीनदा परत घातली होती. कापणाऱ्याला सवय नव्हती. आणि सुरी चामडं कापायची नव्हती, स्वयंपाकघरातली होती. इकडच्या टोकावरचे तिन्ही दाते तिकडच्या टोकात बरोब्बर बसले.

"तू आणि व्हर्जिल कशावरून भांडलात?" क्रूनं सहज विचारावं तसं विचारलं.

"घोड्याच्या नालावरून. रात्रीच्या जेवणाला पुन्हा एका बाकावर बसलो होतो. हे कुणाला आठवत नाही." गॅननं पकड ठेवून दिली. "क्रू, ती बाई वाईट नाही."

"माहीत आहे. म्हणूनच जायचं अवघड वाटतंय."

५

रेमेदियोस अंगणात मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. साठीची, बुटकी, केस घट्ट बांधलेली. थर्झा उंबऱ्यावर बसून मिरच्या निवडत होती. क्रू आत आला आणि हातातले चामड्याचे दोन तुकडे तव्याशेजारच्या दगडावर ठेवले.

रेमेदियोसनं त्यांच्याकडे पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"थर्झा, जा गं, शेजारून मीठ घेऊन ये," ती म्हणाली.

"घरात मीठ आहे, तिया." तिच्या भाषेत मावशीला तिया म्हणत, आणि थर्झाही तिला तेच म्हणायची. "माझ्या बाबांबद्दल आहे ना? सगळं गाव बोलतंय. मी इथंच बसणार."

क्रू म्हणाला, "बाई, तिला बसू द्या."

रेमेदियोसनं तवा उतरवला. हात एप्रनला पुसले, दोनदा पुसले.

"सेन्योर व्हिटलॉक वर गेले. जाताना मला म्हणाले, खेचराकडे लक्ष ठेव. व्हर्जिल म्हणाला, वर यायचं झालं की पट्टा हलवीन. मी पीठ मळलं. पाव भट्टीत घातले. पाव भाजून झाले तरी पट्टा हलला नाही. मला वाटलं खणतोय. खोल होती, आवाज येत नव्हता. मग मोठा आवाज आला, पण तो वरून, नदीतून." तिनं श्वास घेतला. "मी विहिरीत वाकून ओरडले. मग खेचर हाकलं. पट्टा येत गेला, येत गेला, आणि अडकला. खालून कुणी घट्ट धरून ठेवावा तसा. मी खेचराला मारलं. चाबूक तुटेपर्यंत मारलं. पोर माझ्या कमरेवर होती. अंगणात पाणी आलं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत."

"तिया," थर्झा म्हणाली.

"एप्रनमधे सुरी होती. मी कापलं." रेमेदियोस आता थर्झाकडेच बघत बोलत होती. "वर टेकडीवर तू विचारायला लागलीस, बाबा कुठं. सेन्योर व्हिटलॉकनी मला पाहिलं आणि म्हणाले, मी त्याला छपरावर पाहिलं. मी गप्प बसले. बारा वर्षं गप्प बसले. मी ओरडले होते गं विहिरीत. पण पाण्याचा आवाज एवढा होता, की त्यानं ओ दिली असती तरी मला ऐकू आली नसती. बारा वर्षं मी तेच ऐकायचा प्रयत्न करतेय. त्यानं ओ दिली होती की नाही."

थर्झाच्या मांडीवरचं मिरच्यांचं ताट खाली सरकलं. तिनं ते उचललं नाही. ती उठली आणि अंगणाच्या कुंपणापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

क्रू रेमेदियोसकडे वळला.

"त्यानं ओ दिली नव्हती," तो म्हणाला.

रेमेदियोसनं डोळे मिटले. "तुम्ही चांगले आहात सेन्योर. पण तुम्ही तिथं नव्हता."

"नव्हतो. पण मी त्याला बाहेर काढलंय. आणि मी लोकांना बरं वाटावं म्हणून बोलणारा माणूस नाही, हे गावात कुणालाही विचारा." त्यानं पिशवीतून कंदील काढून दगडावर ठेवला. काच तडकलेली, आत मेणबत्ती. "ही बघा. अख्खी आहे. वात तेवढी काळी झालीय. पाव मळून भाजून होईपर्यंत माणूस खाली राहिला, तर मेणबत्ती निम्मी तरी जळायला हवी. ही जळलीच नाही. खाली पोचली आणि विझली. कोरड्या विहिरीत खाली अशी हवा साठते की तिच्यात वात जगत नाही. माणूसही नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. कळतही नाही."

रेमेदियोस कंदिलाकडे बघत राहिली.

"मेणबत्ती पडून विझली असेल," कुंपणापाशी उभी असलेली थर्झा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

क्रूला ते आवडलं. त्यानंही पहिल्यांदा तोच प्रश्न स्वतःला विचारला होता.

"असेल. म्हणून कुदळ बघ. तो खणायला उतरला होता. तासभर खाली होता. आणि कुदळ पाठीवरून सोडलेलीसुद्धा नव्हती. अंधार झाला, वात विझली, तर माणूस पट्टा हलवतो, ओरडतो. त्यानं पट्टा एकदाही हलवला नाही."

"बेशुद्ध असेल. बेशुद्ध माणूस वरच्या हवेत आल्यावर शुद्धीवर येतो."

"तेही मी पाहिलं. कुदळ आडवी झाली म्हणून तो अडकला. ती बांधली होती छातीवरच्या सरकगाठीनं. एक टोक ओढलं की सुटते, तबेल्यातल्या माणसाची गाठ. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. खेचर वरून ओढतंय, कुदळ पाठीत घुसतेय, आणि गाठ छातीवर, हनुवटीखाली. शुद्धीत असलेल्या माणसाचा हात आपोआप तिथं जातो. ती गाठ काल मी स्वतः सोडवली. बांधताना होती तशीच होती." तो थांबला. "पाणी यायच्या तासभर आधीच तो गेला होता, बाई. तुम्ही वर ओढत होतात ते नुसतं शरीर होतं. तुम्ही आणखी थांबला असतात तर तीन मेले असते. त्याची पोरही त्यात असती."

रेमेदियोसनं हात पुढं केला आणि कंदिलाच्या तडकलेल्या काचेवर ठेवला, आणि तसाच ठेवून बसली.

६

शेरीफ संध्याकाळच्या गाडीनं आला, फलाटावरच क्रूचा कागद वाचून उभ्याउभ्या वैतागला आणि त्याच गाडीनं पुढं गेला. कागदावर लिहिलं होतं: विहिरीतल्या दूषित हवेनं मृत्यू, कुणाचाही गुन्हा नाही. व्हिटलॉकनं त्याखाली सही केली होती, आणि कुणी न सांगता आणखी एक ओळ लिहिली होती की उतरायला मी सांगितलं होतं. क्रूनं ती खोडली नाही.

त्याआधी दुपारी मात्र तो रेमेदियोसच्या अंगणातच बसून होता. निघावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. थर्झा बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली. मग परत आली, सांडलेल्या मिरच्या वेचल्या आणि उंबऱ्यावर न बसता रेमेदियोसच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला ते छपराचं सगळं पाठ आहे," ती म्हणाली. "पण तेवढंच. मला बाबांचं दुसरं काहीच माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही."

"मला भीती वाटायची," रेमेदियोस म्हणाली. "एक सांगितलं असतं तर दुसरं तोंडातून निघालं असतं."

"आता सांग. त्या दिवशी सकाळी त्यांनी काय खाल्लं?"

रेमेदियोसनं तिच्याकडे पाहिलं. मग बारा वर्षं झाकून ठेवलेलं भांडं उघडावं तशी ती बोलायला लागली.

"घेवड्याची उसळ. आणि आदल्या दिवशीचा पाव. म्हणाला, मीठ कमी आहे. मी म्हटलं, तुझी जीभच खारट. मग तुझ्या ताटातली अर्धी उसळ त्यानं खाल्ली, तू रडायला लागलीस, म्हणून तुला खांद्यावर घेऊन तबेल्याला दोन फेऱ्या मारल्या. गायचा तो तेव्हा. वाईट गायचा. घोडे कान पाडायचे."

"काय गायचे?"

क्रू उठला. त्यानं टोपी घातली आणि आवाज न करता फाटकाकडे गेला. त्याला ते पुढचं ऐकायची फार उत्सुकता होती. पण ते त्याच्यासाठी नव्हतं, म्हणून त्यानं फाटक बाहेरून ओढून घेतलं.